वाचकांचे प्रश्न : आर्गो फ्लोट समुद्रात सोडताना

प्रश्न : जहाजावरून आर्गो फ्लोट नेमका कसा सोडतात? आणि काही फ्लोट पाण्यात गेल्यावर कायमचे गप्प का होतात? (सागरविज्ञानाची विद्यार्थिनी, पणजी)

उत्तर : आर्गो फ्लोट म्हणजे समुद्राची मोजमापं आपोआप घेणारं, नळकांड्यासारखं तरंगतं यंत्र. तो १००० मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहतो. दर १० दिवसांनी २००० मीटरपर्यंत उतरतो, वर येताना तापमान, क्षारता आणि दाब मोजतो आणि उपग्रहाला माहिती देतो. आतला पंप बाहेरच्या रबरी पिशवीत तेल ढकलतो. वजन तेच, आकारमान वाढतं, म्हणून तो वर येतो.

सोडण्यापूर्वी तो उघड्या डेकवर उभा करा. छपराखाली अँटेनाला उपग्रह सापडत नाही. अनेक मॉडेलांत खुणेच्या जागी चुंबक धरला की स्वचाचणी सुरू होते. पंपाचा आवाज ऐका आणि पहिला संदेश पोचल्याची खात्री करून घ्या. मग क्षारता मोजणाऱ्या नळीवरची टोपणं काढा. सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. एक टोपण राहिलं तरी नळीतून पाणी नीट वाहत नाही, क्षारतेचे आकडे निरुपयोगी ठरतात आणि दुरुस्तीला कुणी जाऊ शकत नाही. म्हणून टोपणं मोजून हातात घ्यावीत, हे आमचं आग्रहाचं सांगणं. नळीला बोट लावू नका, तेलकटपणा मापन बिघडवतो.

जहाजाचा वेग १-२ नॉट ठेवून मागच्या बाजूने सोडा, म्हणजे जहाज फ्लोटपासून दूर जात राहतं. दोर फ्लोटच्या कड्यातल्या भोकातून ओवा. एक टोक कठड्याला बांधा, दुसरं हातात धरा. फ्लोट तरंगू लागला की हातातलं टोक सोडून दोर ओढून घ्या. त्या टोकाला गाठ नको. गाठ भोकात अडकली की फ्लोट जहाजामागे फरफटतो आणि आपटतो. सेन्सर किंवा अँटेना धरून तो कधीही उचलू नका. सोडल्यावर काही मॉडेलं बराच वेळ पृष्ठभागावरच उभी राहतात. घाबरून परत वर घेऊ नका. वेळ आणि अक्षांश-रेखांश लगेच टिपा.

बंगालच्या उपसागरात आणखी एक अडचण असते. नद्यांच्या गोड्या पाण्याने वरचा थर हलका होतो. फ्लोटचं वजन त्या घनतेनुसार जुळवलेलं नसेल, तर तेल पुरत नाही, तो त्या थराखालीच अडकतो आणि अँटेना पाण्याबाहेर येत नाही.

प्रश्न : रत्नागिरीसमोर किनाऱ्याजवळ का सोडत नाहीत?

उत्तर : तिथे भूखंडमंच (किनाऱ्यालगतचा समुद्रतळाचा पट्टा) उथळ आहे, मुंबईसमोर तर तो सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. फ्लोट तळाला टेकून चिखलात रुततो. २००० मीटरहून खोल पाणीच हवं.

प्रश्न : जाळ्यात फ्लोट सापडला तर?

उत्तर : उघडू नका, आगीजवळ नेऊ नका. आत पाणी शिरलं असेल तर बॅटऱ्यांमुळे वायू साठून दाब वाढलेला असू शकतो. लेबलाचा फोटो काढा आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयाला किंवा तटरक्षक दलाला कळवा. भारताच्या फ्लोटांचं काम हैदराबादचं इन्कॉइस हे सरकारी सागरी माहिती केंद्र पाहतं.