शिट्टी हातात दिली, पण शिकवणार कोण?

प्रश्न : माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, बारावी कॉमर्सला. शाळेत असताना ती फुटबॉल खेळायची. आता अभ्यासामुळे खेळणं सुटलं, पण ओळखीच्या एका कोचच्या सांगण्यावरून ती रविवारी दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या मॅचना रेफरी म्हणून उभी राहते. पैसे मिळत नाहीत आणि कुणी काही शिकवलेलंही नाही. पंधरा दिवसांपूर्वी एका मुलाने थेट थ्रो-इनवरून, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेरून हातांनी आत फेकलेला, बॉल घेऊन गोल मारला. तिने गोल दिला. तर समोरच्या टीममधल्या एका मुलाचे वडील ग्राउंडमध्ये घुसले आणि “सरळसरळ ऑफसाइड होता, तुला यातलं काही कळतं का?” असं सगळ्यांसमोर ओरडले. आयोजकांपैकी कुणी पुढे आलं नाही. घरी येऊन ती जेवलीसुद्धा नाही. तिचे बाबा म्हणतात, ही फुकटची हमाली सोड आणि सीएच्या मागे लाग. ती म्हणते, मला हेच शिकायचंय. तिला थांबवू का? याचं रीतसर शिक्षण मिळतं का? पुढे यात काही आहे का?
– एक आई, लालबाग

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी मुलीला जवळ बोलवा आणि सांगा, की तिचा निर्णय बरोबर होता. ऑफसाइड म्हणजे पास निघतानाच समोरच्या टीमच्या बचावपटूंच्या पुढे, त्यांच्या गोलजवळ असलेल्या खेळाडूने तो पास घेणं. पण थ्रो-इनवरून थेट बॉल मिळाला तर ऑफसाइड होतच नाही. गोलकिक आणि कॉर्नरलाही होत नाही. फुटबॉलच्या अकराव्या नियमात हे स्पष्ट लिहिलंय. ओरडणारे गृहस्थ चुकले होते आणि तुमची लेक बरोबर होती. तरी ती मान खाली घालून घरी आली. का? कारण आपण बरोबर आहोत हे तिला ठामपणे माहीत नव्हतं. खेळायच्या सवयीने तिने योग्य निर्णय दिला, पण त्यामागचा नियम बोट ठेवून दाखवता येईल इतकं तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

म्हणून तिला थांबवू नका. ज्या तऱ्हेने ती आज मैदानात उभी राहते, ती तऱ्हा मात्र थांबवा. अठराच्या आतल्या मुलीला शिट्टी देऊन वाऱ्यावर सोडायचं आणि त्याला सेवाभावी काम म्हणायचं, हे मला मान्य नाही. पैसे न घेता काम करणाऱ्याला तर जास्त शिकवायला हवं, जास्त सांभाळायला हवं.

आता पोटापाण्याचं. केवळ रेफरीच्या कामावर घर चालवणारी माणसं आपल्या देशात फार थोडी आहेत. बहुतेक रेफरी नोकरीधंदा सांभाळून मैदानावर येतात. सामन्यामागे मानधन मिळायला लागलं तरी ती जोडकमाई समजा. फिफाच्या आंतरराष्ट्रीय रेफरींच्या यादीत यायचं तर मुख्य रेफरीचं वय किमान २५ आणि सहायक रेफरीचं २३ लागतं. तोवर तिचं सीए होऊन जाईल, त्यामुळे बाबांच्या आणि तिच्या म्हणण्यात मला भांडण दिसत नाही. बोर्डाच्या परीक्षेआधी डिसेंबरपासून पेपर संपेपर्यंत शिट्टी कपाटात ठेवायची, एवढी अट घाला आणि ती पाळून घ्या. आणखी एक, कारण पालक हमखास विचारतात : सरकारी नोकरीतलं ५ टक्के क्रीडा आरक्षण खेळाडूंसाठी आहे. रेफरीच्या प्रमाणपत्राचा तिथे उपयोग होईल, या आशेवर राहू नका.

मग यातून मिळतं काय? माझ्यासमोर रोज नव्वद टक्के मिळवलेली मुलं बसतात. दोन वाटांपैकी एक निवडून “हा माझा निर्णय” असं म्हणायला सांगितलं, की ती आईकडे बघतात. तुमची मुलगी दर रविवारी बावीस पोरांसमोर आणि त्यांच्या आईबापांसमोर क्षणात निर्णय देते आणि त्याची जबाबदारी घेते. पुढे ऑडिटला बसली, एखाद्या कंपनीचे हिशेब चुकलेत असं मालकाच्या तोंडावर सांगायची वेळ आली, तेव्हा हेच बळ कामी येईल. कुठल्या क्लासमध्ये ते विकत मिळत नाही.

मुलगी म्हणून तिला कुणी हिणवत असेल, तर तिला ही नावं सांगा. २०१७ साली आपल्याकडे मुलांचा १७ वर्षांखालचा वर्ल्डकप झाला, त्यात कोलकात्याला जपान आणि न्यू कॅलेडोनियाच्या सामन्यात स्वित्झर्लंडच्या एस्थर स्टॉब्ली रेफरी होत्या. फिफाच्या पुरुषांच्या स्पर्धेत तोवर कुठल्या बाईने शिट्टी वाजवली नव्हती. १ डिसेंबर २०२२ ला कतारमध्ये पुरुषांच्या वर्ल्डकपमधला जर्मनी आणि कोस्टारिकाचा सामना फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार यांनी चालवला, दोन्ही सहायकही बायकाच होत्या. शेजारच्या गोव्याच्या युवेना फर्नांडिस सहायक रेफरी म्हणून फिफाच्या स्पर्धांपर्यंत पोचल्या.

रीतसर शिक्षण आहे. मुंबईत त्याची वाट मुंबई फुटबॉल असोसिएशनमधून जाते. तिच्यावर राज्याची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा. ही १९११ ची संस्था. आणि त्यावर ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशन. नवोदित रेफरींचा वर्ग कधी आहे, वयाची अट काय, याची चौकशी लेखी करा आणि उत्तर लेखी घ्या. पायरीपायरीने वर जायचं तर नियमांची परीक्षा असते आणि धावण्याची चाचणीही. ही चाचणी पोरं हलक्यात घेतात, म्हणून आंतरराष्ट्रीय पुरुष रेफरीची सांगते : आधी ४० मीटरच्या सहा दौडी, प्रत्येक सहा सेकंदांच्या आत. मग ७५ मीटर पंधरा सेकंदांत धावायचं, २५ मीटर अठरा सेकंदांत चालायचं, असं चाळीस वेळा. अंतर होतं चार किलोमीटर. महिलांसाठी वेळा थोड्या सैल असतात. तिने आजपासून आठवड्यातून तीन दिवस धावायला सुरुवात करावी.

वर्ग मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. इथून पुढचा भाग लेकीला वाचायला द्या.

बाळ, फुटबॉलचे नियम एकूण सतरा. ते ठरवणारी संस्था इफाब, १८८६ सालची. तिचं नियमांचं ॲप फुकट मिळतं. नवी आवृत्ती दरवर्षी १ जुलैला लागू होते, म्हणून जुन्या पुस्तकावर विसंबू नकोस. २०२५ मध्येच बदल झाला, की गोलकीपरने बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर समोरच्या टीमला कॉर्नर. त्याआधी सहा सेकंदांचा नियम होता आणि इनडायरेक्ट फ्रीकिक, म्हणजे जिच्यावरून थेट गोल होत नाही अशी किक, मिळायची. सतरा नियम एका बैठकीत संपवायला जाऊ नकोस. चौथा, पाचवा, अकरावा आणि बारावा आधी वाच. सोबत तुझ्या स्पर्धेचे स्वतःचे नियम लेखी मागून घे : बॉल कुठल्या मापाचा, हाफ किती मिनिटांचा, बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो का, दहाखालच्यांना ऑफसाइड आहे की नाही. लहान मुलांसाठी असे बदल करायची मुभा इफाबनेच दिली आहे. हा कागद खिशात नसेल, तर टीव्हीवर मॅच बघून आलेला प्रत्येक बाप तुझ्याशी वाद घालेल.

मैदानावर अर्धा तास आधी पोच आणि आधी गोलपोस्टपाशी जा. आपल्याकडे मैदानांवर आणि टर्फवर उचलून ठेवायचे गोल सर्रास असतात. दांडा धरून जोर लावून हलवून बघ. हलला, तर वाळूच्या गोणी टाकून घट्ट करेपर्यंत मॅच सुरू करायची नाही, कोच कितीही घाई करोत. पहिल्या नियमातच आहे, की गोल जमिनीला पक्का हवा. क्रॉसबारला लोंबकळणाऱ्या पोराच्या अंगावर गोल उलटला तर जीव जातो.

मग पोरांचे हातपाय. चौथ्या नियमाप्रमाणे दागिना कुठलाच चालत नाही. अंगठी, बाळी, कडं, रबरबँड, काहीही नाही, आणि वरून पट्टी चिकटवली तरी चालत नाही. आपल्याकडे गळ्यात काळा दोरा असतो, मनगटाला गंडा असतो, आणि रक्षाबंधनानंतरच्या रविवारी तर एकेकाच्या हातात चारचार राख्या. पोरगा म्हणतो, ताईने बांधलीय, काढणार नाही. त्याच्याशी झटापट करू नकोस आणि तू स्वतः राखी तोडू नकोस. मॅचच्या आधी दोन्ही कोचना एकदमच सांग. पोराला म्हण, “राखी आईकडे दे, मॅच संपली की परत बांध. तुझ्या मनगटाला बॉल लागला तर ताईलाच वाईट वाटेल.” ऐकतात पोरं. नाहीच ऐकलं तर तो खेळत नाही, विषय संपला. नडगीवरचं शिनगार्डही हात लावून बघ. मोज्यात पुठ्ठा घालून येणारे असतात.

शिट्टी बिनगोळीची घे. आपला शाळांचा फुटबॉल पावसात रंगतो आणि गोळीची शिट्टी ओली झाली की ऐनवेळी दगा देते. कॅनडातले बास्केटबॉल रेफरी रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांची शिट्टीही भर सामन्यात अडकली होती. त्यातून त्यांनी १९८७ मध्ये फॉक्स फोर्टी ही बिनगोळीची शिट्टी आणली. साध्या फाउलला आखूड वाजव, धोकादायक टॅकलला लांब आणि खणखणीत. बिचकत वाजवलेली शिट्टी कडेच्या लोकांना लगेच कळते. शिट्टीपाठोपाठ हात दिशेकडे जायला हवा. इनडायरेक्ट असेल तर हात डोक्यावर सरळ धर आणि बॉल दुसऱ्या खेळाडूला लागेपर्यंत खाली आणू नकोस. हे आरशासमोर कर. हाताला लागलेला प्रत्येक बॉल म्हणजे “हॅन्ड” नव्हे, हेही पक्कं कर, कारण ऑफसाइडच्या खालोखाल ओरडा याचाच होतो.

डोक्याला मार लागला तर खेळ त्याच क्षणी थांबव. पोराला हात धरून उभं करू नकोस, त्याच्या कोचला आत बोलव. गरगरतंय, नीट आठवत नाही, असं पोरगं म्हणालं तर त्या दिवशी ते पुन्हा खेळणार नाही. वीज कडाडली तर सगळ्यांना आत घे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांब. स्पर्धेचं वेळापत्रक कोलमडेल, कोलमडू दे.

आणि पुन्हा कुणी मोठा माणूस आत आला तर? तू खेळ थांबवायचास, दोन पावलं मागे सरायचंस आणि त्याच्याशी एक शब्दही वाद घालायचा नाहीस. २०१९ पासून कोचला पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं, पालकाला नाही. म्हणून त्या टीमच्या कोचला आणि आयोजकाला बोलवायचं आणि शांतपणे सांगायचं, “हे बाहेर गेल्याशिवाय मॅच सुरू होणार नाही.” गेले नाहीत, तर मॅच तिथेच थांबते. पाचवा नियम तुला तो अधिकार देतो. घरी आल्यावर त्याच दिवशी, आठवतंय तोवर, अर्धं पान लिहून आयोजकांना पाठव : कितवं मिनिट, काय घडलं, कोण काय बोललं.

ताई, हा त्रास एकट्या आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्ये प्रौढांच्या स्थानिक लीगमध्ये रेफरींना इतकं छळतात, की २०२३ पासून काहींच्या छातीवर कॅमेरे लावून बघितले. पण त्याच देशात चौदाव्या वर्षापासून रेफरीचा कोर्स करता येतो, म्हणजे मुलांना मैदानात उतरवण्याआधी शिकवायची सोय आहे. अमेरिकेत आयसो नावाची मुलांच्या फुटबॉलची संस्था १९६४ पासून आहे. तिथे बहुतेक रेफरी म्हणजे खेळणाऱ्या मुलांचेच आईबाप, प्रशिक्षण घेऊन पैसे न घेता उभे राहणारे. मला ही पद्धत फार आवडते. स्वतः उन्हात धावून एकदा ऑफसाइड दिला, की माणसाची जीभ आपोआप ताळ्यावर येते. तिच्या बाबांना म्हणा, दोन रविवार तिच्याबरोबर जा, कडेला उभे राहा. तिने मागितल्याशिवाय मध्ये पडू नका, पण डोळ्यांनी बघा. मग हमाली आहे की नाही ते ठरवा.

येत्या रविवारचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तेच आधी ठरवायला हवं. त्याआधी आयोजकांकडून चार गोष्टी लेखी मागा : स्पर्धेचे नियम, प्रत्येक मॅचला मैदानावर हजर राहणाऱ्या एका मोठ्या माणसाचं नाव आणि फोन, पहिले काही सामने तिच्यासोबत उभा राहील असा एक अनुभवी रेफरी, आणि जाण्यायेण्याचा खर्च. मानधन नसलं तरी लालबागहून मैदानापर्यंतचं भाडं तिच्या खिशातून जाता कामा नये. “बघू, करू” असं उत्तर आलं तर त्या स्पर्धेला तिने जाऊ नये. असोसिएशनच्या वर्गाची वाट बघावी आणि तोवर दुसऱ्या कुणा चांगल्या रेफरीबरोबर लाइनला उभं राहून शिकावं. चारही गोष्टी मिळाल्या, तर तिला या रविवारीच पाठवा. आणि ते गृहस्थ पुन्हा आले, तर मॅच सुरू व्हायच्या आधी, सगळ्या पालकांना उद्देशून, आयोजकांनी अकराव्या नियमातलं ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवावं. तिने नव्हे, आयोजकांनी.