वाचकांचे प्रश्न : मुलांसाठीच्या कार्यालयावर जपानी लोकांचा विश्वास का बसत नाही?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त जपानमध्ये राहतो. तिथे मुलांच्या भल्यासाठी वेगळे सरकारी कार्यालय सुरू झाले आहे, परंतु त्याचे बरेचसे जपानी सहकारी ते बंद करून सगळा पैसा थेट पालकांना वाटून टाकावा असे म्हणतात. जन्म तर दरवर्षी घटतच आहेत, आणि त्यात आता आरोग्यविम्याच्या हप्त्यासोबत मुलांच्या नावाने आणखी एक रक्कम कापण्याचे ठरले आहे. सरकारचे सहसा ऐकणाऱ्या समाजात एवढा अविश्वास का?

उत्तर : हे कार्यालय म्हणजे ‘कोदोमो कातेइ-चो’. नावाचा शब्दशः अर्थ ‘मुले व कुटुंब कार्यालय’ असा होतो. 1 एप्रिल 2023 रोजी सुमारे 430 कर्मचाऱ्यांनिशी त्याचे काम सुरू झाले आणि त्याच दिवशी मुलांविषयीचा मूलभूत कायदाही अमलात आला. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार जपानने 1994 मध्येच मान्य केला होता, तरी मुलांचे हक्क एकत्रितपणे सांगणारा देशाचा स्वतःचा कायदा व्हायला जवळजवळ तीन दशके गेली. एवढ्या उशिरा आलेल्या गोष्टीकडून लोकांनी फार अपेक्षा ठेवल्या, यात मला काही वावगे वाटत नाही.

पहिली निराशा रचनेतूनच आली. पूर्वी पाळणाघरे आरोग्य व कल्याण मंत्रालयाकडे, बालवाड्या शिक्षण मंत्रालयाकडे आणि दोन्हींचा मेळ घालणारी केंद्रे मंत्रिमंडळ कार्यालयाकडे होती. म्हणजे एकाच गल्लीतली, एकाच वयाची तीन मुले तीन वेगवेगळ्या खात्यांच्या नियमांखाली वाढत होती. ही वाटणी संपवायची, हा नव्या कार्यालयाचा गाजावाजा करून सांगितलेला हेतू होता. प्रत्यक्षात पाळणाघरे आणि मिश्र केंद्रे त्याच्याकडे आली, बालवाड्या मात्र शिक्षण मंत्रालयाने सोडल्या नाहीत. शाळाही तिकडेच राहिल्या. इतर मंत्रालयांना सुधारणेची शिफारस करण्याचा अधिकार नव्या कार्यालयाच्या मंत्र्याला कायद्याने दिला आहे, पण शिफारस म्हणजे आदेश नव्हे.

दुसरी निराशा नावाची. आधी ठरले होते ते फक्त ‘कोदोमो-चो’, म्हणजे ‘मुलांचे कार्यालय’. डिसेंबर 2021 मध्ये, सत्ताधारी पक्षातील परंपरावादी गटाच्या आग्रहामुळे, त्यात ‘कातेइ’ म्हणजे ‘कुटुंब’ हा शब्द घालण्यात आला. ज्यांचे बालपण घरातल्याच मारहाणीत गेले अशा प्रौढांनी यावर हरकत घेतली, कारण त्यांच्या दृष्टीने ज्या ठिकाणापासून सुटका हवी होती त्याचेच नाव दारावर लागले. वरवर पाहता हा शब्दाचा वाद वाटेल, पण मला तो तसा वाटत नाही. मूल ही स्वतंत्र व्यक्ती आहे की कुटुंबाचा एक भाग, हा या सगळ्या विषयातला मूळ प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पाटी लावतानाच देऊन टाकले गेले.

आता पैशाचा मुद्दा, कारण आपल्या मुलाचे सहकारी बहुधा त्याविषयीच बोलत असावेत. कार्यालयाचा खर्च पहिल्या वर्षी सुमारे 4.8 लाख कोटी येन होता. 2025 च्या अंदाजपत्रकात तो सुमारे 7.3 लाख कोटी येन झाला. जपानमध्ये 2024 साली जपानी नागरिकांची 6,86,061 मुले जन्मली. एका आकड्याला दुसऱ्याने भागले की दर बाळामागे एक कोटी येनहून थोडी अधिक रक्कम येते, आणि ‘कार्यालय मोडा, बाळामागे एक कोटी द्या’ ही मागणी याच भागाकारातून निघाली आहे. भागाकार बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. या रकमेचा सर्वांत मोठा भाग दोन गोष्टींवर जातो : पाळणाघरांसारख्या सोयी चालवणे आणि पालकांना दरमहा मिळणारा बालभत्ता. ऑक्टोबर 2024 पासून हा भत्ता उत्पन्नाची अट काढून अठरा वर्षांच्या आसपासच्या मुलांपर्यंत वाढवला गेला, आणि तिसऱ्या मुलापासून पुढे तो महिना 30,000 येन आहे. म्हणजे जो पैसा थेट पालकांना द्या असे म्हटले जाते, त्यातला बराचसा आजच पालकांकडे जातो. आणि कार्यालय मोडून तो नवजात बाळांत वाटला, तर चार वर्षांच्या मुलाचे पाळणाघर आणि बारा वर्षांच्या मुलाचा भत्ता बंद पडेल.

जन्मांच्या घटीचा दोषही या कार्यालयाच्या माथी मारता येत नाही. वर्षाचे जन्म आठ लाखांखाली गेले ते 2022 मध्ये, कार्यालय उघडण्याच्या आधीच. जपानमध्ये विवाहाबाहेर जन्मणाऱ्या मुलांचे प्रमाण अगदी थोडे असल्याने लग्ने घटली की काही वर्षांनी जन्म घटतात, आणि 2023 मध्ये लग्नांची संख्या पाच लाखांखाली उतरली होती. शिवाय आज आई-वडील होण्याच्या वयातली पिढीच मुळात संख्येने लहान आहे. ती मोठी करणे कोणत्याही खात्याच्या हाती नाही.

विम्यासोबतच्या वसुलीबाबत मात्र मी नाराज लोकांच्या बाजूने आहे. 2026 पासून आरोग्यविम्याच्या हप्त्याला जोडून घेतल्या जाणाऱ्या या रकमेचा सरकारी अंदाज पहिल्या वर्षी दरडोई सरासरी महिना 250 येन आणि 2028 मध्ये 450 येन असा आहे. रक्कम फार मोठी नाही. पण आजारपणासाठीच्या विम्यातून मुलांसाठी पैसा उभा करायचा, आणि पगारवाढ व खर्चकपात धरली तर लोकांवर प्रत्यक्षात भार पडणारच नाही असे वर सांगायचे, हे लोकांना पटले नाही. ज्यांना मुले नाहीत त्यांनी याला ‘अविवाहितांवरचा कर’ म्हणायला सुरुवात केली. मुलांसाठी सर्वांनी पैसा द्यावा, हे तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. तेवढ्यासाठीच ते सरळ ‘कर’ म्हणून लोकांसमोर मांडायला हवे होते असे मला वाटते.

याहून गंभीर गोष्ट दुसरी आहे आणि तिची चर्चा त्या मानाने कमी होते. जपानमध्ये मुलाचा छळ होत असल्याचा संशय आला तर 189 या क्रमांकावर फोन करतात. हे आकडे जपानीत ‘इचि-हाया-कु’, म्हणजे ‘ताबडतोब’, असेही वाचता येतात. फोन जवळच्या बाल सल्ला केंद्रात जातो. खबर मिळाल्यापासून 48 तासांच्या आत मुलाला प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहून ते सुरक्षित आहे याची खात्री करावी, असा नियम आहे. छळाची अशी दोन लाखांहून अधिक प्रकरणे वर्षाला या केंद्रांपुढे येतात. दारात उभ्या राहिलेल्या कर्मचाऱ्याला, समोर हसून बोलणाऱ्या पालकाकडे आणि त्याच्यामागे गप्प उभ्या मुलाकडे पाहून, मुलाला आज घरातून हलवायचे की नाही हे ठरवावे लागते. हलवले आणि संशय खोटा ठरला तर एक घर विनाकारण मोडते. हलवले नाही आणि संशय खरा ठरला तर काय होते, ते सांगायला नको.

या निर्णयात मदत व्हावी म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेची एक प्रणाली सुमारे एक अब्ज येन खर्चून तयार करण्यात आली. जुन्या सुमारे पाच हजार प्रकरणांवरून ती शिकली होती आणि धोक्याला शंभरपैकी गुण देत होती. शंभर जुन्या प्रकरणांवर तपासली तेव्हा सुमारे साठ टक्के ठिकाणी तिचा निर्णय चुकीचा वाटावा असा निघाला. मुलाने स्वतः भयंकर मारहाणीचे वर्णन केले असतानाही गुण अगदीच कमी, असेही घडले. जखम किती मोठी आहे, मुलाचे वजन घटले आहे का, हे सांगायला तिच्यात जागाच नव्हती. 2025 मध्ये ती वापरात न आणण्याचे ठरले. चाचणीत चूक सापडली आणि प्रणाली थांबवली, हे योग्यच झाले. परंतु केंद्रांतल्या अनुभवी माणसांना आधी विचारले असते, तर वजनाचा रकाना पहिल्याच दिवशी आला असता. लोकांचा अविश्वास अशा ठिकाणी मला सर्वांत रास्त वाटतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. अशा एखाद्या कार्यालयाने सुरुवातीचा विरोध झेलून पुढे खरोखर काही करून दाखवले, असे उदाहरण आहे का?

उत्तर : आहे, आणि ते शंभर वर्षांहून जुने आहे. अमेरिकेत 9 एप्रिल 1912 रोजी मुलांसाठी ‘चिल्ड्रन्स ब्युरो’ स्थापन झाला. सरकार आता लोकांच्या घरात शिरणार, अशी भीती तेव्हा इतकी होती की कायद्यातच एक कलम घातले गेले : कुटुंबप्रमुखाची हरकत असेल तर ब्युरोच्या माणसाला राहत्या घरात पाऊल टाकता येणार नाही. वर्षाला 25,640 डॉलर आणि 15 कर्मचारी एवढ्या बळावर ज्युलिया लॅथ्रॉप यांनी कारभार हाती घेतला. अमेरिकी केंद्र सरकारच्या ब्युरोच्या प्रमुखपदी आलेल्या त्या पहिल्या स्त्री होत.

एवढ्या पैशांत दवाखाने उघडता येत नव्हते, म्हणून त्यांनी एकच प्रश्न निवडला : बाळे का दगावतात? 1913 मध्ये पेनसिल्व्हेनियातील जॉन्सटाउन या पोलादाच्या गावी ब्युरोच्या स्त्रिया घरोघर गेल्या आणि 1911 मध्ये जन्मलेल्या बाळांच्या आयांशी बोलल्या. बाळाला काय पाजले, घरात पाण्याचा नळ आहे का, बाळंतपणानंतर आई किती दिवसांत कामाला लागली, वडील किती कमावतात, हे त्यांनी विचारले. वडिलांची कमाई जसजशी कमी, तसतसे बालमृत्यू अधिक, हे त्यातून स्पष्ट दिसले. तोवर अडाणी आईला दोष देऊन मोकळे होण्याची रीत होती, तिला या आकड्यांनी उत्तर मिळाले. पुढे देशभरच्या आया ब्युरोला हजारोंनी पत्रे लिहू लागल्या, आणि त्यांना उत्तरे मिळत. घरात शिरण्याचा हक्क नसलेल्या कार्यालयाला लोकांनी आपणहून घरातले सांगितले, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. सगळे सुरळीत झाले असे नाही. ब्युरोच्या देखरेखीखाली 1921 मध्ये सुरू झालेली माता-बाल आरोग्याची योजना डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधामुळे 1929 मध्ये बंद पडली.

प्रश्न : माझी नात जपानमध्ये पहिलीत शिकते. मुलांचे म्हणणे ऐकून धोरण ठरवतात असे तिथे सांगितले जाते. हे खरे मानावे का?

उत्तर : अर्धे खरे मानावे. मुलांविषयीच्या धोरणात मुलांची मते विचारात घेण्यासाठी आवश्यक ती पावले सरकारने उचलावीत, असे मूलभूत कायद्याचे 11 वे कलम सांगते. त्यासाठी पहिलीतल्या मुलांपासून विशीतल्या तरुणांपर्यंत कोणालाही नाव नोंदवून मत कळवता येईल अशी व्यवस्थाही कार्यालयाने केली आहे. नसलेली गोष्ट आहे ती वेगळी : नॉर्वेने 1981 मध्ये नेमला तसा, सरकारपासून स्वतंत्र राहून मुलांच्या वतीने सरकारलाच जाब विचारणारा अधिकारी. कायदा होत असताना त्याची मागणी झाली होती, पण ती मान्य झाली नाही. त्यामुळे मुले बोलतात ते त्याच कार्यालयापाशी, ज्याच्याविषयी त्यांची तक्रार असू शकते.

तरीही नातीला काही सांगायचे असेल तर तिच्या आई-वडिलांना नोंदणीविषयी चौकशी करायला जरूर सांगा. तिने काय लिहिले याची एक प्रत घरी ठेवा, आणि काही महिन्यांनी त्या मताचे काय झाले हे विचारा. मत स्वीकारले नसेल तर का नाही, हे सात वर्षांच्या मुलीला समजेल अशा भाषेत लिहून मागा.