लग्न न करता चार वर्षं एकत्र राहिलो, हे कोर्टात कसं सिद्ध करायचं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात चार वर्षं दोघं एकाच फ्लॅटमध्ये राहिलात, भाडेकरार जोडीदाराच्या एकट्याच्या नावावर आहे, आणि आता तो तुम्हाला बाहेर काढताना ‘ही फक्त रूममेट होती’ म्हणतोय. मी कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस चालवते, म्हणून सविस्तर लिहिते. घर सोडायच्या आधी कागद गोळा करा. मारहाण होत असेल तर मात्र कागद राहू देत, आधी बाहेर पडा. तुम्ही तात्पुरत्या जिथे राहाल तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो.

एका छताखाली राहत होता हे दाखवणं फारसं अवघड नाही. आधारवरचा पत्ता, बँकेचं स्टेटमेंट, घरी आलेली पार्सलं एवढ्यात ते होतं. पण हे सगळं रूममेटकडेही असतं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण मिळवायला लग्नासारखं नातं दाखवावं लागतं. 2010 च्या वेलुसामी निकालात सुप्रीम कोर्टाने त्याच्या अटी सांगितल्या: दोघं लग्नाच्या कायदेशीर वयाचे, लग्नाला मोकळे, स्वखुशीने बराच काळ एकत्र राहिलेले आणि समाजात जोडप्यासारखे वावरलेले. ‘बराच काळ’ म्हणजे किती, याचा आकडा दिलेला नाही. चार वर्षं ही तुमची जमेची बाजू आहे. 2013 च्या इंद्रा शर्मा निकालात बाई हरली, कारण पुरुष विवाहित होता आणि ते तिला ठाऊक होतं. त्याचं आधीचं लग्न असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

खरी लढाई होते ती ‘समाजात जोडप्यासारखे’ या अटीवर. आपल्याकडे अशी बहुतेक जोडपी आईवडिलांपासून लपवतात आणि समोरचा वकील नेमकं तेच विचारतो, ‘घरी का नाही सांगितलं?’ माझं ठाम मत आहे की समाज म्हणजे फक्त आईवडील नव्हेत. घरमालकाला काय सांगितलं होतं? सोसायटीच्या गणपतीत आरतीला दोघं उभे राहिलात का? ऑफिसच्या पार्टीत त्याने तुमची ओळख काय म्हणून करून दिली? घर मिळावं म्हणून घरमालकाला ‘आम्ही नवरा-बायको’ असं सांगणारी जोडपी कितीतरी असतात. तसं त्याने मेसेजमध्ये लिहिलं असेल तर तो मेसेज जपा. शेजारच्या काकू आणि स्वयंपाकाच्या मावशी यांची साक्ष मला कागदांहून मोलाची वाटते. एकच बेडरूम वापरात होती, हे मावशींना माहीत असतं. त्यांना कोर्टाची भीती वाटते, म्हणून आधी नीट बोला, गळ घालू नका.

पैशांचा माग काढा. दर महिन्याला तुम्ही त्याला पाठवलेलं अर्धं भाडं रूममेटही पाठवतो, पण त्याच्या आईच्या औषधांचं बिल, दोघांनी मिळून भरलेला फ्रिजचा हप्ता, विम्यात नॉमिनी म्हणून तुमचं नाव, हॉस्पिटलच्या संमतीपत्रावर नातेवाईक म्हणून तुमची सही, हे रूममेट करत नाही.

व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63 खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र सोबत लागतं. मूळ फोन विकू नका, रीसेट करू नका, चॅटचा बॅकअप आजच घ्या.

नोटरीकडचा ‘लिव्ह-इन करार’ आता करावा का, असंही विचारलंय. भांडण झाल्यावर तो सही करणार नाही, आणि केलीच तर ‘आमच्यात नवरा-बायकोचं नातं नाही’ असं एखादं वाक्य आत घुसवेल. उत्तराखंडात 2025 पासून अशा नात्याची नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात तशी नोंदणी नाही, त्यामुळे ती नसल्याने तुमचं काही अडत नाही.

देवळात लग्न झालं होतं असं मात्र अर्जात लिहू नका, कुणी सुचवलं तरी. उलटतपासणीत एक खोटं उघडं पडलं की खऱ्या चार वर्षांवरचाही विश्वास जातो.

जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे किंवा थेट मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. अर्जासोबतच कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 23 खाली अंतरिम (तात्पुरता) आदेश मागा. तो प्रतिज्ञापत्रावर मिळू शकतो, त्यामुळे घराबाहेर काढणं थांबवायला सगळ्या साक्षी होईपर्यंत थांबावं लागत नाही.