झाडावर चेनसॉ वापरताना: एका हाताने कापणं आधी बंद करा

तुम्ही लिहिलंय की पुतण्याने हापूसच्या जुन्या कलमांची छाटणी करायला वरच्या मुठीचा छोटा चेनसॉ आणलाय, आणि दुकानदाराने ‘हा एका हाताने चालतो’ असं त्याला सांगितलंय. मी देवगड भागात वीस वर्षं कलमांच्या खांद्या (म्हणजे फांद्या) उतरवतोय. बाकी काळजी नंतर बघू, आधी दुकानदाराचं ते वाक्य त्याच्या डोक्यातून काढा.

मूठ इंजिनावर असते ती यंत्र आटोपशीर राहावं आणि दाट खांद्यांत फिरवता यावं म्हणून. धरायचं मात्र दोन्ही हातांनीच. ज्या पट्टीवर चेन फिरते तिच्या टोकाचा वरचा अर्धा भाग एखाद्या डहाळीला टेकला, की चेन लाकूड कापत नाही, पट्टीलाच उसळवून तुमच्याकडे फेकते. पापणी लवायच्या आत हे होतं. डावा हात पुढच्या मुठीवर असेल तर मनगट समोरच्या ढालीवर आपटून ब्रेक लागतो. तो हात तिथे नसेल तर मनगटाने लागणारा ब्रेक गेलाच, आणि उसळी दाबून धरणारंही कुणी उरत नाही.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळानंतर पडझड काढताना मीही हेच केलं. डाव्या हाताने खांदी धरली, उजव्याने कापायला लागलो. टोक पानांआडच्या काटकीला लागलं आणि पट्टी थेट डाव्या हातावर आली. कोपराखाली 11 टाके पडले. खांदी धरणारा हात नेमका उसळीच्या वाटेत असतो, हे तेव्हा कळलं.

पण माणूस एका हाताने कापतो तो बहुतेक वेळा धाडस म्हणून नाही. त्याला नीट उभं राहता येत नसतं, म्हणून दुसरा हात झाडाला धरून असतो. त्यामुळे पुतण्याला नुसतं ‘दोन्ही हात लाव’ सांगून भागणार नाही, त्याची बसायची जागा सुधारावी लागेल. कमरेला नायलॉनचा दोर गुंडाळून चढत असेल तर आजच थांबवा. मांड्यांनाही पट्टे असलेला, झाडावर चढण्यासाठीचा हार्नेस हवा. चेनसॉ चालू करण्याआधी दोन ठिकाणी बांधलेलं असायला हवं: एक मुख्य दोर डोक्यावरच्या भक्कम खांदीवर, दुसरा आखूड दोर खोडाभोवती. आखूड दोर आत पोलादी तार असलेला घ्या. ताणलेल्या दोराला चालती चेन नुसती लागली तरी तो तुटतो, म्हणून दोन. मग हात सोडून, मागे रेलून बघायचं. पाय आणि दोर यांच्यावर अंग स्थिर राहिलं तरच यंत्र सुरू. नाही राहिलं तर हातकरवत काढायची.

यंत्र जमिनीवरच गरम करून, ब्रेक तपासून, बंद करून वर घ्या. वर सुरू करताना ब्रेक लावलेलाच हवा. एक हात सोडायची वेळ आली, अगदी डहाळी बाजूला सारायलासुद्धा, तरी आधी ब्रेक. स्वतःच्या खांद्याच्या उंचीपेक्षा वर कधीच कापू नका. मोठ्या खांदीला आधी खालून साधारण तिसरा हिस्सा छेद द्या, मग त्याच्या थोडं बाहेरच्या, म्हणजे शेंड्याकडच्या बाजूला वरून कापा. त्याने साल खोडापर्यंत सोलत जात नाही आणि पडणारी खांदी चेनसॉ ओढून नेत नाही.

जुन्या कलमांत भिरुडाची (लाकूड पोखरणाऱ्या किडीची) भोकं आणि खाली पडलेला भुसा नीट बघा. अशी खांदी आतून पोकळ असते, दोर तिथे बांधायचाच नाही. कापतानाही ती अर्ध्यावर मोडते. आणि हुमल्यांचं (झाडावरच्या चावऱ्या लाल मुंग्यांचं) घरटं आधी हेरून ठेवा. ते अंगावर आले की हात आपोआप मुठीवरून सुटतो. मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय.

वीजवाहिनी जवळ असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय चढू नये.

खाली एक माणूस हवाच, खांदी पडायच्या टप्प्याबाहेर. तो नुसता बघ्या नको, स्वतःचा हार्नेस घेऊन वर चढता येणारा हवा. वर जखमी झालेला माणूस हार्नेसमध्ये लटकत राहिला तर ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबणं धोक्याचं असतं. रक्त थांबवायचं जाड बँडेज मी वर चढताना कमरेलाच ठेवतो, खाली पिशवीत नाही.

पुतण्याकडे हार्नेस कुठला आहे आणि खाली कोण उभं असतं, ते लिहा. त्यावरून पुढचं सांगतो.