आधी जामीनदार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आलास तेव्हा चहा निवून गेला तरी कप उचलला नाहीस. कर्जाचं सेटलमेंट, म्हणजे कमी रकमेत तडजोड, करून देणाऱ्या एजन्सीची जाहिरात मोबाईलवर पुढे धरून विचारलंस, "काका, सगळ्याचं सेटलमेंट करून टाकू का? की सरळ दिवाळखोरीचा अर्ज करू?" मी चिडलो. का चिडलो ते तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

नऊ लाख चाळीस हजारांचा हिशेब तू व्याजासकट तोंडपाठ सांगितलास. पर्सनल लोन, दोन क्रेडिट कार्डं, अॅपवरची दोन कर्जं, सगळं. पण गावाकडच्या पतसंस्थेच्या तीन लाखांना जामीनदार कोण, हे मला दोनदा विचारावं लागलं. मामा आणि ऑफिसातला एक मित्र. आणि दोघांपैकी कुणालाच तुझी अवस्था ठाऊक नाही.

आधी जामीनदार. बाकीचं सगळं त्यानंतर.

माझा छापखाना होता हे तुला माहीत आहे. तो कसा बंद पडला ते माहीत नाही. २००६ साली मी जुनं ऑफसेट मशीन काढून नवं घेतलं. बँकेचं कर्ज पुरेना म्हणून वरची रक्कम एका पतसंस्थेतून उचलली. जामीनदार माझा शाळेपासूनचा मित्र, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. दोन वर्षांत कामं आटली आणि हप्ते थकले. बँकेची जीप दारात यायची, गल्ली बघायची. त्या लाजेपोटी मी प्लॉट विकला आणि आलेला सगळा पैसा बँकेच्या एकरकमी तडजोडीत भरला. पतसंस्था गप्प होती, म्हणून तिला शेवटी ठेवलं.

ती गप्प का होती, हे मला फार उशिरा कळलं. तिच्याकडे पगारदार जामीनदार होता. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली तिनं वसुली दाखला काढला आणि मित्राच्या पगारातून महिन्याला ३,१०० रुपये कापले जाऊ लागले. त्याला हे माझ्याकडून कळलं नाही, पगारपत्रकावरून कळलं. सव्वीस महिने कापले. २०११ साली मी ८०,६०० रुपये त्याच्या हातात ठेवले. त्यानं ते मोजले आणि पावती लिहून दिली. आमच्या मैत्रीतली ती पहिली पावती. त्यानंतर तो माझ्या घरी आलेला नाही.

त्यामुळे पतसंस्थेचा फोन येत नाही म्हणून तू निर्धास्त राहू नकोस. मामांच्या एसटीच्या पगाराकडे तिचं लक्ष असणार. १८७२ च्या करार कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरली आहे. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं मामांना म्हणता येत नाही.

आता त्या एजन्सीचं. ती सांगते, सगळे हप्ते थांबवा, दरमहा पैसे आमच्याकडे साठवा, आम्ही बँकेशी बोलून निम्म्यात मिटवू. हप्ते थांबले की नव्वद दिवसांत खातं एनपीएत, म्हणजे थकीत-बुडीत कर्जांत, जातं, हे तिनं तुला सांगितलं का? खात्यातून आपोआप जाणारा हप्ता पैसे नाहीत म्हणून परत गेला, तर २००७ च्या पेमेंट कायद्याच्या कलम २५ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते, चेक वटला नाही तर चेकच्या कायद्यातल्या कलम १३८ खाली होते तशीच. हे सांगितलं का? आणि मामांचं नाव तिनं एकदा तरी विचारलं का? जिनं जामीनदार कोण हे विचारलं नाही, तिच्या कागदावर तू सही करायची नाहीस.

सेटलमेंट वाईटच असतं असं मी म्हणत नाही. नोकरी गेली, मोठं आजारपण आलं, उत्पन्न परत पूर्वीसारखं होणार नाही हे दिसतंय, आणि कुठून तरी एकरकमी पैसा हातात आहे, अशा माणसानं ते जरूर करावं. क्रेडिट रिपोर्टवर "सेटल्ड" असा शेरा राहतो, आणि रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या नियमाप्रमाणे तडजोड केलेल्या बँकेकडून शेतीखेरीजचं नवं कर्ज निदान बारा महिने मिळत नाही. बुडणाऱ्या माणसाला एवढी किंमत परवडते. पण तुझा पगार ५८,००० आहे आणि तो चालू आहे. हप्ते ५१,०००. पतसंस्थेचे ८,५०० आधी बाजूला काढ, खोलीभाडं आणि जेवणाचे २०,००० काढ. उरले २९,५००, आणि बाकीचे हप्ते ४२,५००. म्हणजे महिन्याला १३,००० कमी पडतात. खड्डा आहे, पण त्यात उडी मारून जीव द्यावा एवढा खोल नाही. बँकेला लेखी अर्ज कर, मुदत वाढवून हप्ता कमी करून माग. कार्डाची थकबाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून घे. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला बेचाळीस, आणि नुसती किमान रक्कम भरत राहिलास तर मुद्दल जागचं हलत नाही. वसुलीवाल्यांचे फोन सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर आले तर वेळ लिहून ठेव आणि बँकेकडे तक्रार कर. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पतसंस्थेची तक्रार मात्र तिथे चालत नाही, ती सहकार खात्याच्या निबंधकाकडे.

दिवाळखोरीचं तर तू अर्धवट ऐकून आलास. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत छोट्या कर्जदारांसाठी कर्जमुक्तीची तरतूद लिहिली आहे खरी, पण तिची मर्यादाच कर्ज ३५,०००, वार्षिक उत्पन्न ६०,००० अशी, आणि तुझ्यामाझ्यासारख्यांसाठी तो भाग लागूच केलेला नाही. डिसेंबर २०१९ पासून व्यक्तींच्या दिवाळखोरीची बाकीची कलमं लागू आहेत, तीही फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. तुला पुण्यात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करायचा तर तो १९२० च्या नादारी कायद्याखाली कोर्टात. मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते, आणि नंतर मुक्ततेचा हुकूम वेगळा मागावा लागतो.

मलाही वकिलांनी २००९ साली असा नादारीचा अर्ज करायचा सल्ला दिला होता. मी नाही म्हटलं. घरातले आजही म्हणतात, तेव्हा अर्ज केला असतास तर लवकर मोकळा झाला असतास, २०१५ पर्यंत फेडत बसला नसतास. त्यांना मी एकच सांगत आलो. त्याच कायद्याच्या कलम ४४ मध्ये लिहिलंय की कर्जदार मुक्त झाला तरी त्याचा जामीनदार मुक्त होत नाही. मी कोर्टातून सुटून बाहेर आलो असतो आणि मित्राचा पगार कापला जातच राहिला असता. मी फेडलं ते बरोबरच केलं. चुकलं ते क्रमात. प्लॉटचा पैसा आधी पतसंस्थेत जायला हवा होता. बँकेची जीप आणखी वर्षभर दारात उभी राहिली असती तरी चाललं असतं. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलंय, त्याला मोजदाद नाही.

पुढे कधी खरंच तडजोड करायची वेळ आली, लोकअदालतीत किंवा बाहेर, तर पत्रात "जामीनदारही पूर्णपणे मोकळे" हे शब्द नावानिशी लिहून घे. तारणाचे कोरे चेक परत घे, कर्ज पूर्ण फिटल्याचा बेबाकी दाखला घे. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून सही करायच्या आधी प्रत्येक ओळ वाच. तोंडी कबुलीवर एक रुपयाही भरू नकोस.

आता शनिवारी रात्रीची गाडी पकड आणि मामांकडे जा. फोनवर सांगू नकोस. सगळ्या कर्जांची यादी एका कागदावर लिहून ने, अॅपची दोन्ही कर्जंही त्यात असू देत. मामा रागावतील. मामी रडेल. तू उठून बाहेर जाऊ नकोस, बसून राहा. सोमवारी त्यांना बरोबर घेऊन पतसंस्थेत जा आणि पुढचा हप्ता त्यांच्यादेखत भर. ऑफिसातल्या मित्रालाही त्याच आठवड्यात सांग.

त्या महिन्याच्या हप्त्याला पैसे कमी पडले तर माझ्याकडे माग. पण मामांना भेटून आल्यावर. आधी नाही.

तुझा,
काका