क्लासिकल कंडिशनिंग म्हणजे नेमकं काय? व्याख्या पाठ आहे, पण डोक्यात शिरत नाही.

व्याख्या जरा बाजूला ठेवा. आठवीत असताना एका लग्नात मी चार वाट्या श्रीखंड हाणलं आणि रात्री ओकाऱ्या सुरू झाल्या. घरात आणखी दोघांना तोच त्रास झाला, त्यांनी तर श्रीखंडाला बोटही लावलं नव्हतं. म्हणजे पोटाची साथ होती, श्रीखंड बिचारं निर्दोष. हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी आजही श्रीखंड तोंडाजवळ आलं की पोटात ढवळतं.

हेच ते, मराठी पुस्तकांतलं अभिजात अभिसंधान. पोट बिघडलं की मळमळतं, ते कुणाला शिकवावं लागत नाही. बिघडलेलं पोट हे नैसर्गिक उद्दीपक (म्हणजे प्रतिक्रिया घडवून आणणारी गोष्ट), मळमळ ही नैसर्गिक प्रतिक्रिया. श्रीखंडाने आधी मला काहीच होत नव्हतं. दोन्हींची गाठ पडली आणि नुसती चव पुरेशी झाली: चव हे अभिसंधित, म्हणजे शिकून जडलेलं, उद्दीपक, तिने होणारी मळमळ अभिसंधित प्रतिक्रिया. परीक्षेत गल्लत होते ती इथेच. मळमळ दोन्हीकडे सारखीच दिसते, ती कशामुळे आली त्यावरून नाव बदलतं.

हे प्रयोगांनी दाखवणारा रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव मुळात पचनाचा अभ्यासक, १९०४चं नोबेलही त्याच कामासाठी. सेंट पीटर्सबर्गला कुत्र्यांची लाळ नळीतून गोळा करून मोजताना दिसलं, की खाणं तोंडात पडायच्या आधीच, नुसता वाढणारा माणूस दिसला तरी ती सुटते. मग त्याने हाच विषय धरला. घंटा वाजली की कुत्र्याची लाळ सुटते ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण त्याने मेट्रोनोमची, म्हणजे ठेका धरणाऱ्या यंत्राची, टिकटिक बरीच वापरली. आधी टिकटिक, लगेच खाणं. क्रम उलटा केला तर फारसं काही साधत नाही, कारण खाणं येऊन गेल्यावर इशारा काय कामाचा?

टिकटिक वाजवत राहिलं आणि खाणं दिलंच नाही, तर लाळ हळूहळू थांबते. याला विलोपन म्हणतात. पण काही वेळ मध्ये जाऊ दिला आणि पुन्हा टिकटिक ऐकवली, तर लाळ परत सुटते! म्हणजे शिकलेलं पुसलं गेलेलं नसतं, दबलेलं असतं.

आता तुम्ही विचाराल, पावलोवला बहुधा पुन्हा पुन्हा जोडी लावावी लागायची, तुमचं एका रात्रीत कसं झालं, तेही मध्ये काही तास गेलेले असताना? रास्त शंका आहे. अमेरिकेत जॉन गार्सिया या मानसशास्त्रज्ञाने उंदरांवर नेमकं हेच तपासलं. १९६६च्या प्रयोगात त्याने आणि त्याचा सहकारी कोलिंगने उंदरांना चवीचं पाणी दिलं, पिताना दिवा लागायचा आणि आवाज व्हायचा. ज्यांना नंतर आजारी पाडलं ते चव टाळू लागले, ज्यांना विजेचा झटका दिला ते दिवा-आवाज टाळू लागले. कुठल्याही इशाऱ्याची गाठ कशाशीही सारखीच बसत नाही, पोटदुखीचा संशय शरीर चवीवरच घेतं.

त्या मांडवात तासभर सनईही वाजत होती. सनई ऐकून मला आजवर कधी मळमळलं नाही.