यूएसबी लगेच ओळखतं, मग आयटूसीवरचं घड्याळ का नाही?

प्रश्न थोडक्यात असा: रास्पबेरी पाय ४ (लिनक्सवर चालणारा छोटा संगणक) ला आयटूसी या दोन वायरींच्या बसवर (चिपा जोडायच्या सामाईक वाटेवर) डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल जोडलं, त्यावरचा दिवा लागतो, मॉडप्रोब या कमांडने ड्रायव्हरही (ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) चढवला, तरी आरटीसी, म्हणजे वेळ राखणारं घड्याळ, दिसत नाही. यूएसबी वायफाय मात्र लावताक्षणी चाललं.

ड्रायव्हर बरोबर आहे, डिव्हाइसची नोंदच नाही. लिनक्समध्ये प्रत्येक बसकडे दोन याद्या असतात, एक डिव्हाइसची आणि एक ड्रायव्हरची. कुठल्याही यादीत भर पडली की बस दोन्ही ताडून बघते आणि जोडी जुळली तरच ड्रायव्हरचं प्रोब फंक्शन, म्हणजे डिव्हाइसचा ताबा घेणारा भाग, चालतं. मॉडप्रोबने फक्त दुसरी यादी भरते. ते दहा वेळा चालवलंत तरी पहिली रिकामीच.

यूएसबीत पहिली यादी आपोआप भरते, कारण डिव्हाइस स्वतःचा १६ बिटांचा व्हेंडर आयडी आणि तितकाच प्रॉडक्ट आयडी सांगतं. कर्नल (लिनक्सचा गाभा) त्यावरून मोडएलियस नावाची ओळखओळ बनवतो आणि यूडेव्ह ही डिव्हाइसवर लक्ष ठेवणारी सेवा तिच्याशी जुळणारं ड्रायव्हर मॉड्यूल शोधून चढवते. पीसीतल्या कार्डांच्या पीसीआय बसचंही असंच.

आयटूसीवरच्या बहुतेक चिपांत अशी ओळख सांगायची सोय नसते. असतो तो बहुधा फक्त ७ बिटांचा पत्ता. तुमच्या चिपचा पत्ता हेक्समध्ये ६८, पण एमपीयू६०५० या जायरोस्कोपचाही नेहमीचा पत्ता तोच! कर्नलने अंदाजाने घड्याळाचा ड्रायव्हर लावून रजिस्टरं (चिपमधले छोटे कप्पे) लिहायला घेतली तर भलतंच व्हायचं. म्हणून त्या पत्त्यावर काय बसलंय हे बाहेरून कुणीतरी सांगावं लागतं. पायसारख्या एआरएम प्रोसेसरच्या बोर्डांवर हे काम बहुधा डिव्हाइस ट्री, म्हणजे हार्डवेअरचं वर्णन करणारी यादी, करते; पीसीवर तेच काम फर्मवेअरमधली एसीपीआय कोष्टकं करतात.

पायवर कॉन्फिग फाइलमध्ये (पायच्या ओएसच्या बुकवर्म आवृत्तीत ती बूट फोल्डरच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरात असते) दोन ओळी घाला: ‘डीटीपॅरम=आय२सी_एआरएम=ऑन’ आणि ‘डीटीओव्हरले=आय२सी-आरटीसी,डीएस३२३१’. इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, फाइलमध्ये अंकांसह रोमन छोट्या अक्षरांत टाका. मग रीबूट करा. ही फाइल पायचं फर्मवेअर कर्नल सुरू होण्याआधी वाचतं आणि ओव्हरले (डिव्हाइस ट्रीला जोडायची पुरवणी) डिव्हाइस ट्रीत मिसळून ती कर्नलच्या हाती देतं, त्यामुळे नुसती सेव्ह करून भागत नाही.

आता आयटूसीडिटेक्ट ही पत्ते तपासणारी कमांड बस १ वर चालवा. ६८ च्या जागी ‘यूयू’ आलं तर पत्ता ड्रायव्हरने ताब्यात घेतला आहे, म्हणजे काम झालं. नुसतं ६८ आलं तर वायरिंग ठीक आहे, पण ड्रायव्हर लागला नाही. ओव्हरलेचं स्पेलिंग बघा आणि मग डीमेसेज या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत आरटीसी शोधा. ड्रायव्हरचं नाव डीएस१३०७ वरून आहे, त्यामुळे ३२३१ शोधून कदाचित काहीच सापडणार नाही. आयटूसीडिटेक्टमध्ये ६८ च्या जागी काहीच नसेल तर एसडीए (डेटाची वायर) पिन ३ वर आणि एससीएल (क्लॉकची वायर) पिन ५ वर आहे ना, हे तपासा; या दोन वायरींची अदलाबदल फार होते. ५७ दिसलं तर घाबरू नका, तो त्याच मॉड्यूलवरचा ईईप्रॉम, म्हणजे वीज गेल्यावरही डेटा राखणारी मेमरी चिप.

आणि मॉड्यूल ५ व्होल्टवर असेल तर आधी पिन १ च्या ३.३ व्होल्टवर आणा. मॉड्यूलवरचे पुल-अप रेझिस्टर (सिग्नलच्या वायरी वरच्या व्होल्टेजला ओढून धरणारे) पुरवठ्याच्या लायनीला जोडलेले असतात आणि पायच्या पिना ५ व्होल्ट सोसत नाहीत. शिवाय निळ्या झेडएस-०४२ बोर्डावर सेल चार्ज करणारं सर्किट आहे. त्यात साधा सीआर२०३२ बसवून ५ व्होल्ट दिले तर चार्ज न होणारा सेल चार्ज व्हायला लागतो आणि फुगू शकतो.